एकाहत्तर नंबरचे वजा गुण

आमच्या बिल्डिंगमध्ये बरीच वर्षं माझ्याविषयी एक पक्का समज होता. मी म्हणे सट्ट्याच्या धंद्यात आहे. दुबईत सट्टा म्हणजे थेट तुरुंग, त्यामुळे हे सगळं हळू आवाजात चालायचं, पण चालायचं. कारणही तसंच होतं. रविवारी आमचा सगळा अल कुसैस भाग आरामात लोळत असताना मी डबा घेऊन ऑफिसला निघायची. त्यात एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी लिफ्टमध्ये माझ्या फोनवर हेल्मेट घातलेली अमेरिकन पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जाताना पाहिली. मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "वैशालीताई, तुमच्या ह्यांना माहीत आहे ना?"

आमच्या ह्यांना माहीत होतं. समजलेलं मात्र कुणालाच नव्हतं. यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या नोकरीबद्दल लिहा की" असं म्हटलं तेव्हा वाटलं, चला, निदान हा सट्ट्याचा डाग तरी धुऊन निघेल. लिहायला बसले, दोनचार गमती लिहिल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मला खरं तर एकाच मुलाबद्दल सांगायचंय. बाकीचं सगळं तिथवर पोचायला लागतं म्हणून सांगते.

तर काम असं. अमेरिकेत एक खासगी कॅथलिक विद्यापीठ आहे. पाद्री लोकांनी काढलेलं, मध्यम आकाराचं. नाव सांगत नाही, कारण तशी सही करून दिलेली आहे. तिकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्या गॅदरिंगच्या आधीच्या आठवड्यातला खेळ नव्हे. स्टेडियम भरतात, सामन्याच्या दिवशी अख्खं गाव तिथे असतं, आणि प्राचार्यांना कुणी ओळखत नसलं तरी कोचला दूधवालासुद्धा ओळखतो. या विद्यापीठाचे मोठे खेळ दोन, फुटबॉल आणि बास्केटबॉल. प्रत्येक सामन्याचं उंचावरून चित्रण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोचला त्यातली प्रत्येक खेळी वेगळी कापून आणि तिच्यावर लेबलं लावून हवी असते. कोण कुठे उभा होता, कोण कुठे पळाला, काय झालं. मग तो म्हणू शकतो, मला आपल्या डाव्या बाजूने फसलेल्या सगळ्या खेळ्या दाखवा, आणि एका बटणावर त्या समोर येतात. हे लेबलं लावण्याचं काम म्हणजे टॅगिंग. तिकडे शनिवारी सामना संपवून ते झोपले की इकडे आमचा रविवार उजाडायचा, आणि ते उठेपर्यंत आमचं काम तयार असायचं. घड्याळाच्या त्या फरकावर आमची कंपनी उभी होती.

कंपनी म्हणजे अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात टायरच्या दुकानावरची एक खोली, आठ कॉम्प्युटर आणि मालक थॉमस सर. थॉमस सर केरळचे. मुलाखतीत मी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं, की मी ठाण्याची बी.कॉम. आहे, इथे इन्शुरन्सच्या ऑफिसात डेटा एंट्री केली आहे, आणि मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. ते खूश झाले. म्हणाले, "व्हेरी गुड. जिनको गेम आता है, वो मॅच देखते हैं. मुझे लिखनेवाले चाहिए." घरी सई, माझी मुलगी, तेव्हा शाळेत होती. तिने भुवया उंचावून विचारलं, "आई, यू डोन्ट इव्हन लाइक स्पोर्ट्स?" मी म्हटलं, "मला भांडी घासायला तरी कुठे आवडतं?"

सुरुवातीला मी काय दिवे लावले ते सांगायलाच हवं. पहिला सामना त्यांच्या घरच्या मैदानावर होता, आपली मुलं निळ्या शर्टात. सगळं सुरळीत पार पडलं. दुसरा सामना परगावी. मी निळे शर्ट हुडकले आणि भक्तिभावाने त्यांचं टॅगिंग केलं. अर्धा सामना झाल्यावर शेजारचा जोएल माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मॅडम, आपण पाहुणे असलो की पांढरे घालतो." कर्म माझं! अर्धा सामना मी शत्रूला मार्क दिले होते, आणि तेही सढळ हाताने. थॉमस सरांनी डोकं धरलं आणि फक्त "यल्ला, फिरसे", म्हणजे चला, पुन्हा, एवढंच म्हणाले. त्या रविवारी आम्ही डबे उघडलेच नाहीत.

जोएल हा फिलिपिन्सचा. बास्केटबॉल म्हणजे त्याचा जीव की प्राण, आणि शिवाय तो कट्टर कॅथलिक. विद्यापीठाचे एक म्हातारे फादर काळ्या झग्यात बास्केटबॉलच्या बाकावर अगदी टोकाला बसलेले असायचे. आपल्या मुलाला फुकटचा नेम, म्हणजे फ्री थ्रो, मिळाला की फादर छातीवर क्रूस करायचे. जोएलने त्यासाठी गुपचूप एक खासगी टॅग बनवला होता, 'एफआर'. फादरनी क्रूस केला आणि बॉल गेला, फादरनी क्रूस केला आणि बॉल गेला नाही, अशी त्याची नोंद चालू असायची. एकदा तो टॅग पुसायचा राहिला आणि फाइल तशीच अमेरिकेला गेली. तिकडे आमचा माणूस मॅथ्यू, म्हणजे विद्यापीठाच्या व्हिडिओ विभागाचा प्रमुख. त्याचा मेल आला, 'एफआर' म्हणजे काय? जोएलचा चेहरा पांढरा फटक पडला. मी म्हटलं, खरं सांगून टाक, पाद्र्यांचं विद्यापीठ आहे, खोटं कशाला बोलतोस? त्याने सांगितलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की कोचनी विचारलंय, हा टॅग चालू ठेवता येईल का, पण फादरना कळू न देता.

अशा गमती खूप झाल्या. आता फुटबॉलकडे येते, कारण माझा एकाहत्तर नंबर तिथला.

हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट बॉल हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं, असा तो खेळ. बॉल ज्याच्या हातात त्याचं नाव होतं. पण त्याच्यापुढे पाच दांडगी पोरं भिंतीसारखी उभी असतात. समोरून येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच त्यांचं काम. बॉलला त्यांचा हातही लागत नाही. दर खेळीला छाती, खांदा, डोकं, जे पुढे येईल ते समोरच्यावर आदळायचं, उठायचं आणि पुन्हा उभं राहायचं. त्यांनी काम चोख केलं तर लोक दुसऱ्याचं नाव घेतात. चुकले तर मात्र सगळ्या स्टेडियमला त्यांचा नंबर पाठ होतो. मला हे पाचजण पहिल्यापासून आवडले. घरात अशी माणसं असतात, मी त्यांना ओळखते.

आमच्याकडे मुलांची नावं येत नसत, नुसते नंबर यायचे. दिवसभर नंबर बघून डोळे फिरायचे, म्हणून मी नावं ठेवली होती. बॉल फेकणारा तो राजे. बुटका, मधूनच बॉलला लाथ मारायला येणारा तो चिंगू. आणि भिंतीतला एकाहत्तर नंबर, सगळ्यांत आडवातिडवा, तो बाळू. ही नावं ऑफिसात इतकी रुळली की जोएलसुद्धा "बाळू गुड टुडे" म्हणायला लागला.

बाळूची एक सवय होती. खेळी संपली की तो पडलेल्यांना हात देऊन उठवायचा. आपलेही उठवायचा आणि समोरचेही. उठवून पाठीवर एक थाप द्यायचा. तिकडे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्याला टॅगही नव्हता. पण तीन सीझन मी ते बघत होते. रविवारी सकाळी फाइल उघडली की आधी एकाहत्तर शोधायचा, ठीक आहे ना बघायचं, मग चहा आणायला जायचं. सई म्हणायची, "आई, यू टॉक अबाउट हिम लाइक ही इज अवर कझिन." असेल. महिनोन्‌महिने एखाद्याची पाठ बघितली की तो आपला होतो.

या भिंतीवाल्यांना आम्ही गुणही द्यायचो. दर खेळीला अधिक किंवा वजा. हे खरं तर कोचचं काम, पण त्यांच्याकडे माणसं कमी, म्हणून कच्चे गुण आम्ही द्यायचे आणि भिंतीचा कोच नंतर त्यावरून नजर फिरवायचा. नियम असा होता, की शंका असली तर मुलाच्या बाजूने. पाय घसरला का ढकलला गेला, कळत नाही? मग अधिक. कोच फक्त वजा असलेल्या खेळ्या उघडून बघायचा. अधिकवाल्या बघायला कुणाला वेळ असतो?

बाळूच्या तिसऱ्या सीझनमधली गोष्ट. एका सामन्यात तो आदळला आणि लगेच उठला नाही. एक गुडघा टेकून थांबला. मग उठला आणि चालत निघाला तो थेट समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. आपल्यातल्या एकाने पळत जाऊन त्याला खांद्याला धरून वळवलं. दोघं हसल्यासारखे वाटले, आणि पुढची खेळी सुरू झाली. मी ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग पुन्हा.

माझा धाकटा भाऊ ठाण्याला स्कूटरवरून पडला होता. घरी आला, "मला काही झालं नाही" म्हणाला, जेवायला बसला आणि आईला विचारलं, "बाबा कुठेत?" बाबा समोर बसले होते. तो चेहरा मी विसरलेले नाही. बाळूचा चेहरा हेल्मेटमध्ये, दिसायचा प्रश्नच नव्हता. पण चाल तीच होती.

सामना पुढे पाहिला. त्याने कुणालाच उठवलं नाही. उलट दोनदा शेजारच्याचा शर्ट धरून स्वतः उठला. दिव्यांकडे तोंड झालं की हात आडवा धरायचा. प्रत्येक खेळीला इतरांपेक्षा अर्धा श्वास उशिरा निघायचा. तरी संपेपर्यंत खेळला, कारण बाकाजवळ कुणी विचारलं की तो मान हलवायचा, अंगठा दाखवायचा. तिकडे डॉक्टर असतात, सगळं असतं. पण पोरगं स्वतःच ठणठणीत आहे म्हणून सांगत असेल तर कोण काय करणार?

मी मॅथ्यूला मेल लिहिला. एकाहत्तर नंबरच्या डोक्याला लागलंय असं वाटतं, या या खेळ्या बघा. फार सभ्य उत्तर आलं. आभार, आमच्याकडे वैद्यकीय स्टाफ आहे, कृपया टॅगिंगपुरतं मर्यादित राहावं. त्याची एक प्रत थॉमस सरांना. सरांनी कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "वैशाली मॅडम, कॉन्ट्रॅक्ट में लिखा है, नो मेडिकल ओपिनियन. कल को केस हुआ तो आठ लोगों की नौकरी जाएगी. आप डॉक्टर हैं?"

मी डॉक्टर नव्हते. बाहेर येऊन बसले. जोएल म्हणाला, "मॅडम, प्रे फॉर हिम." मी म्हटलं, "तू कर. मला राग आलाय."

पुढच्या शनिवारी बाळू पुन्हा मैदानात. पहिल्याच खेळीला मला कळलं की तो बरा झालेला नाही. आता माझ्या हातात काय होतं? मेल बंद, फोन नंबर नाही, त्याचं नावसुद्धा माहीत नाही. हातात होते फक्त गुण. तेव्हा मी एक गोष्ट केली. शंकेचा फायदा काढून घेतला. इतकी वर्षं जिथे शंका असेल तिथे अधिक देत आले होते, तिथे तिथे वजा दिला. उशिरा निघाला, वजा. पाय घसरला, वजा. खोटं एकही लिहिलं नाही, फक्त दयामाया केली नाही. माझा हिशेब सरळ होता. वजा असलेल्या खेळ्या कोच उघडून बघतो. इतके वजा दिसले की तो सगळ्या उघडेल, आणि डोळे असतील तर त्याला दिसेल की पोरगं आजारी आहे.

त्याने उघडल्या. सगळ्या उघडल्या. आणि त्याला दिसलं की पोरगं सुस्त झालंय.

बुधवारी मॅथ्यूचा मेल आला. एकाहत्तरबद्दल तुमचं निरीक्षण अचूक आहे, कोचनाही तसंच वाटत होतं, आम्ही बदल करतोय. थॉमस सरांनी सगळ्यांसाठी खालून कडक चहा मागवला आणि मला म्हणाले, "देखा? ये आपका काम है." पुढच्या रविवारी भिंतीत दुसराच नंबर उभा होता. बाळू मैदानाच्या कडेला, हेल्मेट हातात.

माझा जीव भांड्यात पडला. हे मी लपवत नाही. त्या दिवशी मी चहाबरोबर दोन सामोसे खाल्ले. त्याच्या डोक्यावर आता कुणी आदळणार नव्हतं, मला तेवढंच हवं होतं. पण मग रविवारमागून रविवार तो फ्रेमच्या कडेला दिसायचा आणि माझा आनंद ओसरत गेला. आधी हेल्मेट हातात, मग हेल्मेटही नाही, मग टोपी घातलेला. खाली मान घालून उभा. सीझनच्या शेवटच्या सामन्यात तर दिसलाच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलंय. आजारी म्हणून घरी पाठवायच्या मुलाला मी नापास करून घरी पाठवलं होतं. आजारी मुलाला सगळे भेटायला जातात. नापास मुलाकडे कोण जातं?

पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करेन. हे मी सईलाही सांगितलंय आणि ह्यांनाही. पण वाईट वाटायचं थांबत नाही. चुकलं असतं तर माफी मागून मोकळी झाले असते. बरोबर केलेल्याचं वाईट वाटत राहतं, त्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत आमची कंपनी बंद झाली. आता कॅमेराच खेळी कापतो आणि कॉम्प्युटरच लेबलं लावतो, म्हणे दमत नाही आणि रविवारची सुट्टी मागत नाही. थॉमस सरांनी शेवटच्या दिवशी बिर्याणी मागवली आणि दार लावताना "खलास" म्हणाले. जोएल शारजाला एका गोदामात लागला. मी घरी बसले. रविवारी सकाळी अजून लवकर जाग यायची.

आणि मग या ऑगस्टमध्ये मॅथ्यूचा मेल आला. विद्यापीठाची बास्केटबॉल टीम मैत्रीच्या सामन्यांसाठी अबुधाबीला येतेय, तुमच्यासाठी दोन पास ठेवलेत, इतक्या वर्षांनी भेटूया. सई आता तिथेच, खलिफा सिटीत राहते. तिने मला न्यायचं कबूल केलं. बाहेर तो ऑगस्टचा उकाडा आणि आत स्वेटर घालावा इतका एसी. कॉफी पंचवीस दिरहम, म्हणजे सहाशे रुपये. सई म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट कन्व्हर्ट."

मॅथ्यूला मी पन्नाशीचा समजत होते. तो निघाला सईपेक्षा जेमतेम चारपाच वर्षांनी मोठा. मिठीच मारली त्याने मला. "धिस इज वैशाली, अवर आइज इन दुबई," म्हणून दोघातिघांशी ओळख करून दिली. फादर बाकाच्या टोकाला बसलेले दिसले, स्क्रीनवर वाटायचे त्यापेक्षा बरेच ठेंगणे. सामन्याला वेळ होता. आणि बाकामागून एक प्रचंड मुलगा खुर्च्यांवर टॉवेल ठेवत येत होता.

चेहरा मी कधी पाहिला नव्हता. चालण्यावरून ओळखला.

मॅथ्यू म्हणाला, "हा डॅनियल. आमच्या फुटबॉलला होता, आता बास्केटबॉलच्या मुलांचं सामान, पाणी, सगळं बघतो. डिग्रीचं एक वर्ष राहिलंय. फार चांगला मुलगा." मग जरा आवाज खाली आणून मला म्हणाला, "शेवटच्या सीझनला खेळ गेला त्याचा. होतं असं." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तो निघून गेला.

पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं, मी इथे आपल्या भाषेत लिहितेय.

मी म्हटलं, "तू एकाहत्तर ना?"

तो थांबला. "होतो."

"तुझं डोकं आता कसं आहे?"

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी पाहिलं." आणि मग मी थांबलेच नाही. टायरच्या दुकानावरची खोली, गुडघा टेकलेला, चुकीच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलेला, दिव्यांपुढे धरलेला हात, मेल, आलेलं उत्तर, वजा. सगळं सांगितलं. सई माझा दंड दाबत होती. "आई, स्टॉप. यू साइन्ड समथिंग." मी म्हटलं, "गप गं. कंपनी गेली, आता कसली सही?"

तो खाली बसला. ती खुर्ची करकरली. हातातला टॉवेल त्याने घडी घातला, उलगडला, परत घडी घातला. म्हणाला, "नाताळपर्यंत मला उजेड सहन होत नव्हता. खोलीत पडदे लावून बसायचो. जानेवारीत हळूहळू गेलं. मी कुणालाच सांगितलं नाही. जागा जाईल म्हणून आधी सांगितलं नाही. नंतर जागा गेलीच होती, मग सांगून काय करायचं? लोक म्हणाले असते, बाहेर बसवल्यावर याला डोकेदुखी आठवली."



तो एकदम मान वर करून म्हणाला, "मग मी वाईट खेळत नव्हतो?"

एवढा थोरला मुलगा, आणि प्रश्न कसा विचारला! माझ्या तोंडातून मराठीच निघालं, "अरे बाळा, नाही रे." मग भानावर येऊन इंग्रजीत सांगितलं, की तीन सीझन मी तुझी एकूण एक खेळी पाहिली आहे. तुझ्याइतका भरवशाचा त्या भिंतीत कुणी नव्हता. तू पडलेल्यांना उठवायचास तेही मी पाहिलंय. समोरच्यांनासुद्धा. तो हसला. म्हणाला, "ते कुणी पाहत असेल असं मला वाटलं नव्हतं."

मग त्याने खिशातून फोन काढला. "हेच सगळं माझ्या वडिलांना सांगाल?"

वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. स्वतः शाळेत असताना त्याच जागेवर खेळलेले. मुलगा भिंतीतून बाहेर गेल्यावर त्यांनी कोचना विचारलं, आणि कोचनी गुण सांगितले. नाताळच्या जेवणाला आत्या, काका, सगळी चुलत भावंडं बसलेली असताना ते मुलाला म्हणाले, तू आळशी झालास, मिळालेलं सोडून दिलंस. डॅनियलने उत्तर दिलं नाही, कारण त्यालाही तेच खरं वाटत होतं. तेव्हापासून दोघं फोनवर हवामानाबद्दल बोलतात.

"आता तिकडे सकाळ आहे, ते गॅरेजमध्ये असतील," म्हणाला आणि मी हो म्हणायच्या आत त्याने नंबर लावला. "बाबा, एक बाई तुमच्याशी बोलणार आहेत. प्लीज ऐका." आणि फोन माझ्या हातात.

सईने माझ्या हातातली कॉफी काढून घेतली.

पलीकडून ठोकाठोकीचा आवाज येत होता. मी माझं नाव सांगितलं, दुबईहून बोलतेय म्हटलं, तर ते फार थंडपणे म्हणाले, "मला काही विकत घ्यायचं नाही." मी म्हटलं, "तुमच्या मुलाबद्दल आहे." ठोकाठोकी थांबली. मग मी जे त्याला सांगितलं तेच सांगितलं, या वेळी हळू, एकेक खेळी. वजा का दिले तेही सांगितलं. मध्ये त्यांनी एकदाही तोडलं नाही. मला वाटलं फोन बंद पडला. "ऐकताय ना?" विचारलं, तर "हो" आलं.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "तो चुकीच्या टीममध्ये जाऊन उभा राहिला?"

"हो."

"आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळला."

"हो."

"तुम्ही हे दोन्ही आठवडे पाहिलंत."

"हो."

"मग आम्हाला एक फोन नाही करता आला?"

उत्तरं माझ्याकडे भरपूर होती. कॉन्ट्रॅक्ट होतं. मेलला आलेलं उत्तर होतं. आठ लोकांच्या नोकऱ्या होत्या. मला त्याचं नावही माहीत नव्हतं. हे सगळं खरं होतं आणि सगळं अगदी जिभेवर आलं. समोर डॅनियल माझ्या तोंडाकडे बघत बसला होता.

मी म्हटलं, "नाही केला. सॉरी."

ते म्हणाले, "तुम्ही नका म्हणू, मॅडम. ते मला म्हणायचंय. फोन त्याच्याकडे द्या."

मी दिला.